आवाज येईपर्यंत थांबू नका: यूजे क्रॉसविषयीच्या एका मजकुराचा प्रतिवाद

पावसाळ्याच्या तोंडावर फोर-बाय-फोर गाड्या वापरणाऱ्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटमधले (यूजे) अधिकाच्या चिन्हाच्या आकाराचे भाग, हल्ली सीलबंद येतात, त्यामुळे ग्रीसची कटकट संपली, क्रॉस गेला की तो आवाज करतोच, तोपर्यंत त्याला हात लावू नये, पुढचा शाफ्ट क्वचितच कामाला येतो, म्हणून त्याच्याकडे पाहण्याचे कारण नाही, आणि बदलायची वेळ आलीच, तर हातोडा आणि पंच घेऊन अर्ध्या तासात काम उरकते. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर, ओढ्यांतून आणि कोकणातल्या लाल चिखलातून गाडी काढणाऱ्याने हा सल्ला मानला तर त्याचे नुकसान होईल, अशी माझी खात्री आहे, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहतो.

सीलबंद क्रॉसविषयीचे विधान अर्धे खरे आहे. अशा क्रॉसमध्ये ग्रीस जाण्यासाठी आरपार भोके पाडलेली नसतात, त्यामुळे तो भरीव आणि अधिक मजबूत असतो, आणि डांबरी रस्त्यावरच्या गाडीत तो वर्षानुवर्षे तक्रार न करता चालतो. पण सील म्हणजे शेवटी रबराची एक पातळ कड आहे. चालून गरम झालेला जॉइंट थंड पाण्यात बुडाला की कपातली (क्रॉसच्या प्रत्येक टोकावर बसणाऱ्या, आत सुयांसारखे बारीक रोलर असलेल्या टोपीतली) हवा आकसते आणि त्या कडेपाशी जराशी जरी फट असली तरी पाणी आत ओढले जाते. निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेल्या क्रॉसमध्ये यावर उपाय आहे: चारही कपांच्या कडांतून जुने, पाणी मिसळलेले ग्रीस बाहेर पडून ताजे दिसू लागेपर्यंत ग्रीस-गन मारायची. सीलबंद क्रॉसमध्ये आत गेलेले पाणी तिथेच राहते. त्यामुळे ज्याची गाडी नेहमी पाण्यातून जाते, त्याने निपलवाला क्रॉस घ्यावा, किंवा सीलबंद क्रॉस ठरावीक काळाने बदलायचा भाग आहे हे आधीच मान्य करावे. ग्रीस मात्र लिथियमचे, दोन नंबरच्या घट्टपणाचे, जास्त दाब सोसणारे असावे. कॅल्शियमचे साधे चेसिस ग्रीस पाण्याला चांगले टिकत असले तरी साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा भरवसा धरता येत नाही. आणि तीन कपांतून ग्रीस येऊन चौथा कप कोरडाच राहत असेल, तर तो कप पुढे दगा देणार हे ओळखून शाफ्ट इकडेतिकडे हलवत, ग्रीस तिथपर्यंत पोहोचेपर्यंत गन मारत राहावे.

‘आवाज आला की बदला’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण क्रॉस मोठा आवाज करतो तो अगदी शेवटी. त्याआधी तो पुष्कळ काही सांगत असतो. पहिली खूण म्हणजे कपाच्या तोंडाशी विटेच्या भुकटीसारखी तांबडी बारीक पूड दिसते. आतले ग्रीस संपून सुया गंजू लागल्याची ती साक्ष असते. त्यानंतर मंद वेगात शाफ्टच्या फिरण्याच्या लयीत येणारी चिवचिव, मग रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना ‘टक’ असा ठोका, आणि सरतेशेवटी थरथर. माझ्या जिप्सीचा मागचा शाफ्ट मी केवळ चिवचिव ऐकून उतरवला होता. ठोका नव्हता, थरथरही नव्हती. कप काढल्यावर क्रॉसच्या चारपैकी एका टोकावर सुयांच्या मापाच्या समांतर खाचा उमटलेल्या दिसल्या, आणि त्यांवरून नख फिरवले की ते प्रत्येक खाचेत अडखळत होते. अशा टोकावर ग्रीस कितीही भरले तरी उपयोग नसतो.

तपासणी करताना गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, चाकांना मागेपुढे ठोकळे लावून, एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फ्लँज (शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो ती चकती) धरून दोन्ही उलट दिशांना पिळावेत आणि वरखाली हलवून पाहावेत. येथे एक चूक वारंवार होते: डिफरन्शियलमधल्या दात्यांच्या ढिलाईमुळे शाफ्ट थोडा फिरतोच, म्हणून शाफ्टकडे न पाहता क्रॉस आणि योक (ज्याच्या दोन कानांत क्रॉसचे कप बसतात तो भाग) यांच्यामधल्या हालचालीवरच नजर ठेवावी. तिथे हाताला जाणवेल इतकी ढिलाई असली, तर क्रॉस बदलण्याची वेळ आलेली असते. धावत्या गाडीत पुढच्या टोकाचा जॉइंट तुटला, तर शाफ्टचे ते टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. मागचे टोक सुटले, तर ते गरगरत ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्यांवर आदळू शकते.

पुढच्या शाफ्टविषयीचे म्हणणे थोडक्यात निकालात काढता येते. चाकांचे हब मोकळे केलेले (म्हणजे पुढची चाके शाफ्टपासून सोडवलेली) असताना तो शाफ्ट फिरत नाही, म्हणून सुया महिनोनमहिने एकाच जागी बसून राहतात आणि आत शिरलेले पाणी नेमक्या त्याच जागी गंज धरवते. मग एखाद्या चढावर लो रेंज (कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) टाकली की त्याच सुयांवर एकदम कित्येक पट ताकद येते. मागच्या शाफ्टला ग्रीस द्याल त्याच दिवशी पुढच्यालाही द्यावे, आणि स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाच्या) दात्यांना विसरू नये.

आता हातोड्याविषयी. सर्वांत आधी सुरक्षिततेची एक गोष्ट, जी त्या मजकुरात कुठेही नाही: जुन्या विलीज जातीच्या जीप आणि जुनी लँड रोव्हर डिफेंडर यांसारख्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या तोंडाशी शाफ्टवर काम करतो. शाफ्टचे बोल्ट सुटले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, म्हणून ठोकळे आधी लावावेत आणि पाना नंतर हातात घ्यावा.

त्यानंतर फ्लँज, शाफ्ट आणि स्लिप जॉइंटचे दोन्ही भाग यांवर रंगाने खुणा करून ठेवाव्यात. ही निव्वळ टापटीप नव्हे. एकटा क्रॉस कोनात फिरताना त्याच्यानंतरच्या भागाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. 10 अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे 3 टक्के असतो, तर 20 अंशांत तो सुमारे 12 टक्क्यांवर जातो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असतील, तरच दुसरा क्रॉस पहिल्याचा चढउतार पुसून टाकतो. स्लिप जॉइंट एक दाता जरी चुकून बसवला, तरी नव्या क्रॉसनिशी गाडी थरथरू लागते आणि दोष विनाकारण क्रॉसच्या माथी जातो. उंची वाढवली की शाफ्टचा कोनही वाढतो, म्हणून गाडीची उंची वाढवणाऱ्यांनीही हेच आकडे लक्षात ठेवावेत.

कप काढण्यासाठी भक्कम व्हाइस, एक लहान सॉकेट आणि एक मोठे सॉकेट पुरते: लहान सॉकेटने कप ढकलायचा आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटच्या पोकळीत उतरवायचा. हातोड्याच्या घावांनी योकचे कान वाकतात, आणि वाकलेल्या कानांत बसवलेला नवा क्रॉस जन्मापासूनच आवळलेला राहतो. बसवताना सर्क्लिपची (कप जागी अडवणाऱ्या कडीची) खाच पुरती उघडी झाली नाही, तर कप आणखी ठोकू नये. बहुधा एखादी सुई निसटून कपाच्या तळाशी आडवी पडलेली असते. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या क्लिपा घालाव्यात आणि कपाची आतबाहेर हालचाल जवळजवळ उरू देऊ नये. टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही मर्यादा 0.05 मिलिमीटर दिलेली असते. शेवटी योकच्या कानांवर मऊ हातोडीने हलकेच ठोकले की कप क्लिपांना टेकतात आणि क्रॉस हाताने सहज फिरू लागतो; हातोड्याचा उपयोग मला येथेच मान्य आहे. निपल गनच्या तोंडाला सापडेल अशा बाजूला ठेवावे, आणि शाफ्ट गाडीला लावल्यावर चारही कपांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे, कारण नव्या क्रॉसमध्ये कारखान्यातून आलेले ग्रीस साठवणीत सुया गंजू नयेत एवढ्यापुरतेच असते.