नववीला राज्यशास्त्र शिकवताना घ्यायची खबरदारी

सर, यंदा नववीचं राज्यशास्त्र तुमच्या वेळापत्रकात आलंय. तुमचा मूळ विषय हिंदी आहे की शारीरिक शिक्षण, हे मनात आणू नका. ज्याच्या तासिका भरत नाहीत त्याच्या गळ्यात हा विषय बांधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात मागच्या बाजूला सहा पाठ असतात. ते फेब्रुवारीत उरकले तरी कुणी विचारत नाही. पण हे पाठ दिसतात तितके गरीब नाहीत. समोर चौदा-पंधरा वर्षांचं पोर असतं आणि त्याला कशावरून काय सुचेल याचा नेम नसतो. म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालतो.

पहिली मेहरबानी अभ्यासक्रमानेच केलीय. ग्रामपंचायत सहावीत शिकवून होते, पोराला काही कळायच्या आत. ते कळण्याच्या वयात आलं, की नववीचं पुस्तक त्याला उचलून थेट न्यूयॉर्कला नेऊन सोडतं. महायुद्धोत्तर घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे. सुरक्षा परिषदेचे 15 सदस्य, त्यांतले 5 कायम, बाकीचे 10 दोन-दोन वर्षांचे, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. आपल्या वॉर्डाचा पंचायत सदस्य कोण, हे नाही आलं तरी चालेल. फक्त कायम सदस्यांच्या नकाराधिकाराच्या परिच्छेदावर रेंगाळू नका. मागच्या बाकावरून आवाज येण्याची दाट शक्यता असते, "सर, आमच्या गावात बी एकच माणूस नाही म्हणला की रस्ता होत नसतोय. मग त्यो कायम सदस्य हाये का?" अशा वेळी रागावू नका. "हे परीक्षेला नाही" एवढंच शांतपणे म्हणा. पुढे कुणी विचारत नाही.

तरीही एखाद्या पोराने सहावीचं पुस्तक जपून ठेवलेलं असतं आणि विषय ग्रामसभेवर येतो. इथे फार जपून. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, हे सांगा. पाठांतराला सोपं आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे वेळ उरला तरच सांगा. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मात्र सांगूच नका. 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांतलं जे कमी असेल ते, असा तो नियम आहे. म्हणजे चारशे मतदारांच्या वाडीला साठ माणसं लागतात. पोरं हिशेब करतात आणि मग मारुतीच्या पारावर सतरंजीवर बसलेली अकरा माणसं त्यांना आठवतात. त्यांतली तीन म्हणजे पंचायतीचा शिपाई, ऑपरेटर आणि सहज डोकावलेला कुणाचा तरी पाहुणा. कोरमअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. वर्गातली एखादी पोरगी लगेच विचारते, "मग पहिली सभा घेतेतच कशाला?" या प्रश्नाला महाराष्ट्रात अजून उत्तर सापडलेलं नाही, तुम्ही का डोकं शिणवता?

प्रोसिडिंग बुकाचंही, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीचंही, तसंच. सभा पारावर होते, पण सह्या घरोघर होतात, आणि हे काम बऱ्याचदा नववीतल्याच पोराकडे दिलेलं असतं, कारण त्याच्याकडे सायकल असते. म्हणजे तुम्ही फळ्यावर लिहिताय ते त्याने काल संध्याकाळी पिशवीत घालून फिरवलेलं असतं. त्याच्याकडे बघून शिकवू नका.

महिला आरक्षण जरूर शिकवा. 73व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये निम्म्या केल्या. छान आकडे आहेत, फळ्यावर शोभून दिसतात. पण उदाहरण वर्गातलं घेऊ नका. "सर, माझी मायच सरपंच हाये, पण मिटिंगला पप्पा जातेत" असं एखादं लेकरू निरागसपणे सांगून टाकतं आणि सगळा वर्ग हसतो. ज्याला हसतात ते काय आहे, हे समजावत बसलात तर दोन तासिका जातील. शिवाय ते पप्पा शाळा व्यवस्थापन समितीवर असू शकतात.

17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, हा मराठवाड्यातल्या शिक्षकासाठी नाजूक दिवस. झेंडावंदन, एक पोवाडा, जिलबी, दहाला घरी. याहून जास्त करू नका. देश सुटल्यावर तेरा महिन्यांनी आपण सुटलो, इथपर्यंत ठीक आहे. पण निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागत होती, हे सांगितलंत की गाडी घसरली. ज्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं नेतृत्व पुढे स्वामी रामानंद तीर्थांकडे आलं, तिच्यावर 1938 मध्ये ती रीतसर स्थापन व्हायच्या आधीच बंदी आली होती. आजोबांच्या पिढीने सभा घेण्याच्या हक्कासाठी तुरुंग भोगला आणि नातवांच्या गावात सभेला माणूस मिळेना, हे दोन टोकांचे धागे पोरांच्या हाती एकदम देऊ नयेत. आणि स्वामीजी मुळात शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला, हे तर स्टाफरूममध्येसुद्धा मोठ्याने बोलू नका. लोक उगीच अस्वस्थ होतात.

पाण्याचा विषय भूगोलाच्या सरांकडे ढकला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते पर्जन्यछायेच्या प्रदेशाचं उदाहरण म्हणून द्या. त्याच उन्हाळ्यात शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती, 144 कलम, हे भूगोलात बसत नाही. मग पोर मूलभूत हक्कांचं पान काढतं, एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य, कलम 19, आणि दोन्ही कलमं शेजारी ठेवून तुमच्याकडे बघत राहतं. यंदाच्या नववीला ते साल आठवत नाही, ही आपली सोय आहे. तेव्हा ती पोरं कडेवर होती. घागर ज्यांच्या डोक्यावर होती त्यांना चांगलं आठवतं, म्हणून गृहपाठात "घरी विचारून या" कधी लिहू नका.

शहरातल्या शाळेत असाल तर नशीबवान आहात. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि मग प्रशासकच कारभार बघत राहिले. तेव्हा चौथीत गेलेलं पोर नववीत येऊन बसलं, तरी त्याच्या दारात नगरसेवक आला नव्हता. दर पाच वर्षांनी निवडणूक हे वाक्य त्याने पानिपतच्या लढाईसारखं पाठ केलं, घडून गेलेली गोष्ट म्हणून.

शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक घ्या. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं, बोटाला शाई लावा, रांगेचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी "विद्यार्थ्यांनी गिरवले लोकशाहीचे धडे" अशी बातमी येतेच. मुख्यमंत्री कोण होणार हे मुख्याध्यापकांनी आधी ठरवलेलं बरं. पाणीपुरवठा मंत्र्याने स्टाफरूमचा जार भरायचा, स्वच्छता मंत्र्याने झाडायचं. अर्थमंत्री नेमू नका. तो शाळेच्या अनुदानाचं विचारील.

मोबाइलवरून आठवलं. पोरं रील बघतात म्हणून ओरडता ना? बघू द्या. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर गावाचा खर्च दिसतो, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेली गटार स्क्रीनवर बघून पोर ती शोधत गल्लीत गेलं तर ते हरवू शकतं. माहितीचा अधिकार हाही असाच. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर, एवढं सोपं प्रकरण पोरांच्या हाती द्यायचं नसतं. अर्ज लिहायची सवय हवी तर मराठीच्या पेपरात पत्रलेखन आहेच. तिथे वर्षानुवर्षे पोरं रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाकडे रोपांची मागणी करत आली आहेत. एकही रोप आलेलं नाही, पण कुणाची तक्रारही नाही.

दिवाळीनंतर पट आपोआप हलका होतो. बीड-धाराशिवकडची बरीच पोरं आईबापाच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. पंचायतीची निवडणूक लागली की त्यांच्या आईबापांना आणायला उमेदवाराची गाडी जाते, जेवण-खर्चासकट. मतदान झालं की परत फडात. पोरांच्या शाळेसाठी अशी गाडी का येत नाही, हे विचारायला ती वर्गात नसतात.

आणि तुम्हीही नसताच. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांना शाळाबाह्य कामं द्यायला मनाई केली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक तेवढी वगळली. मतदारयादी घेऊन तुम्ही दारोदार फिरत असाल तेव्हा राज्यशास्त्राची तासिका मोकळी जाईल. सगळ्यांत सुरक्षित तासिका तीच.

एवढं करूनही एखादी पोरगी ऐकत नाही. कोरम, सह्या, गटार, सगळं तिने वहीत लिहून ठेवलेलं असतं. तिला दाबू नका, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला पाठवा. विषय "लोकशाही आणि आजचा युवक". वहीतलं सगळं वगळून भाषण तुम्ही लिहून द्या, सुरुवातीला शेर घाला, पाच मिनिटांत बसवा, चौथ्याला घंटा होते. नंबर आला तर शाळेत सत्कार ठेवा आणि बक्षीस द्यायला सरपंचबाईंना बोलवा. पत्रिकेवर नाव त्यांचंच छापा, फेटा मात्र त्यांच्या मालकांच्या मापाचा आणा.