सुरक्षा परिषदेची वाट एकट्या चीनने अडवलेली नाही

‘सुरक्षा परिषदेचे पाचपैकी चार कायम सदस्य भारताच्या पाठीशी आहेत, चीनने नकाराधिकार वापरला नसता, तर भारत केव्हाच कायम सदस्य झाला असता,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतो. भारताला ती जागा मिळावी असे मलाही मनापासून वाटते, म्हणूनच हा दावा खोडून काढणे गरजेचे आहे.

चीनचा विरोध खरा आहे, पण भारताच्या कायम सदस्यत्वावर त्याने नकाराधिकार वापरलेला नाही, कारण ती वेळच आलेली नाही. सदस्यसंख्या वाढवायची तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुरुस्ती हवी, आणि कलम १०८ नुसार ती आधी आमसभेत दोन तृतीयांश, म्हणजे १९३ पैकी किमान १२९ मतांनी संमत व्हावी लागते. तिथे नकाराधिकार कोणालाच नाही. पाचही कायम सदस्यांची संमती लागते ती नंतर, अनुमोदनाच्या वेळी, म्हणजे प्रत्येक देश आपापल्या घरी ती दुरुस्ती मंजूर करतो तेव्हा. १९६३ साली अस्थायी जागा सहावरून दहा करण्याच्या ठरावाला फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनने विरोध केला होता, अमेरिका व ब्रिटन तटस्थ राहिले होते. तरीही पाचांनीही पुढे अनुमोदन दिले आणि ऑगस्ट १९६५ मध्ये दुरुस्ती अमलात आली. कायम जागांचा प्रश्न याहून अवघड आहे हे मान्य; पण आमसभेतील मोठ्या बहुमताचे वजन यातून कळते.

‘चार पाठीराखे’ हेही अर्धसत्य आहे. २००५ साली भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांनी मांडलेल्या, परिषदेत नव्या कायम जागा निर्माण करण्याच्या ठरावाच्या मसुद्याला अमेरिकेने उघड विरोध केला होता. २०१० मध्ये ओबामांनी भारताच्या संसदेत पाठिंबा जाहीर केला खरा, परंतु अनुमोदनासाठी अमेरिकी सिनेटचे दोन तृतीयांश बहुमत लागते, आणि तो शब्द सिनेटला बांधील करीत नाही.

२००५ चा तो मसुदा मतदानापर्यंत पोहोचलाच नाही, याचे मोठे कारण आफ्रिका होते. नव्या कायम सदस्यांनी पंधरा वर्षे नकाराधिकार वापरू नये, अशी तडजोड चौघांनी सुचवली होती. आफ्रिकी संघाला मात्र आपल्या दोन कायम जागा नकाराधिकारासहच हव्या होत्या, आणि ऑगस्टमधील अदिस अबाबाच्या बैठकीत त्याने माघार घेतली नाही. इटली, पाकिस्तान, दक्षिण कोरिया, मेक्सिको, अर्जेंटिना आदींच्या गटाला तर नव्या कायम जागाच नको आहेत. आफ्रिकेचे ५४ देश वगळले की १३९ उरतात. त्यांतून हा गट वजा केल्यावर १२९ मते जुळवणे जवळपास अशक्यच.