‘वीज गेली तरी दार बंदच’ ही सुरक्षा नव्हे, सापळा आहे

दारावरच्या फिंगरप्रिंट मशीनबद्दलचा मेसेज फिरत फिरत घरच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहितोय. दावे चार: ठशाची नक्कल होत नाही, मशीन चुकत नाही, ठसा कुठेही साठत नाही, आणि वीज गेली तरी दार बंदच राहतं.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. दार धरतं ते लॉक. मशीन त्याला फक्त इशारा देतं. मॅग्नेटिक लॉकला पकड ठेवायला सतत वीज लागते. वीज तुटली की दार सुटतं, आणि बाहेर पडायच्या वाटेवर ते सुटायलाच हवं. धुरात बोट टेकवत कोण उभं राहणार? म्हणून आतल्या बाजूला इमर्जन्सी ग्लास ब्रेक (काच फोडून दार सोडवायची डबी) हवाच, आणि त्याची वायर थेट लॉकच्या पुरवठ्यात घातलेली हवी. ती कंट्रोलरच्या (लॉकला हुकूम देणाऱ्या सर्किटच्या) इनपुटला जोडून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मग कंट्रोलर हँग झाला की काच फोडूनही दार हलत नाही. फायर अलार्मचा रिलेही (विजेची वाट जोडणारा-तोडणारा स्विच) त्याच पुरवठ्यात घ्या. वीज गेल्यावर दार बंद हवं असेल, तर त्यासाठी बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी अर्धा अँपिअर ओढणाऱ्या लॉकला कागदावर १४ तास पुरते. मशीनचा भार आणि बॅटरीचं वय धरलं तर बरीच कमी. मेन स्विच बंद करून, घड्याळ लावून एकदा बघाच.

‘नक्कल होत नाही’? २००२ मध्ये योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांच्या गटाने जिलेटिनची बोटं बनवली, काचेवर उमटलेल्या ठशावरूनसुद्धा. तपासलेली ११ही मशीन अशा बोटांना बहुतेक वेळा फसली. जिवंत त्वचा ओळखणारे आताचे सेन्सर पुष्कळ सुधारलेत, हे मान्य. पण चोराला बोटच लागतं कुठे? स्वस्त मशीनमध्ये लॉकचा रिले बाहेरच्या डब्यातच असतो. डबा उचकटून योग्य त्या दोन वायरी जुळवल्या किंवा तोडल्या की दार उघडतं. कंट्रोलर आतच बसवा, बाहेर फक्त बोट वाचणारा रीडर.

मशीन चुकतं. एका तुलनेत परक्याला आपलं मानण्याची लाखात एक चूक धरली, तरी १००० नोंदींत शोधताना ती साधारण शंभरात एक होते. कोरडी, झिजलेली बोटं नाकारली जातात ते वेगळंच; नोंदणीत दोन्ही हातांची दोन-दोन बोटं घ्या.

‘ठसा साठत नाही’ हे अर्धं खरं. बहुतेक मशीन चित्र ठेवत नाहीत, टेम्प्लेट, म्हणजे ठशातल्या खुणांची आकड्यांतली नोंद ठेवतात. पण टेम्प्लेटवरून चालेलसा ठसा पुन्हा बनवता येतो. आणि काम सोडून गेलेल्या माणसाची नोंद सॉफ्टवेअरमधून काढली, तरी सिंक (सॉफ्टवेअर आणि मशीनमधली यादी जुळवणं) अडकलं तर ती मशीनच्या मेमरीत तशीच राहते. प्रत्येक दारापाशी जाऊन यादी तपासा.