एन्टेबे विमानतळ चीनने जप्त केलेला नाही

‘कर्ज थकलं म्हणून चीनने युगांडाचा एन्टेबे विमानतळ जप्त केला, केनियाचं मोम्बासा बंदर बळकावलं, आफ्रिकेचं निम्म्याहून जास्त कर्ज चीनचं आहे आणि तिथल्या चिनी कंपन्या एकाही आफ्रिकी माणसाला कामावर घेत नाहीत.’ हा मेसेज किती वर्षं फिरतोय! आता माझी भाची त्यावरून वक्तृत्व स्पर्धेचं भाषण लिहायला बसली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी विमानतळ. २०१५ मध्ये युगांडाने त्याच्या विस्तारासाठी चीनच्या एक्झिम या सरकारी बँकेकडून सुमारे २० कोटी डॉलर घेतले. व्याज २ टक्के, मुदत २० वर्षं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बातमी आली की अटींमुळे विमानतळ धोक्यात आहे आणि युगांडाला त्या बदलून हव्यात. पुढे ढकलता ढकलता ‘धोक्यात’चं ‘जप्त’ झालं. युगांडाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने तेव्हाच इन्कार केला, पण तो कोण पुढे पाठवणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये एडडेटा या अमेरिकी संशोधन संस्थेने मूळ करारच प्रसिद्ध केला. विमानतळ तारण नाही. विषय संपला.

करारात जे आहे ते मात्र जाचकच आहे. २० वर्षांच्या मुदतीत विमानतळाच्या सगळ्या उत्पन्नातून इतर कशाहीआधी हे कर्ज फेडायचं, वेगळ्या खात्यात रोख रक्कम अडकवून ठेवायची, वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये. गरीब देशाच्या सार्वजनिक पैशावर असा पहिला हक्क सांगणं मला अन्यायाचं वाटतं. भाषण करायचंच तर भाचीने यावर करावं.

मोम्बासाचंही तेच. मोम्बासा-नैरोबी रेल्वेसाठी घेतलेल्या चिनी कर्जापायी बंदर अडचणीत येईल अशी भीती २०१८ च्या अखेरीस लेखापरीक्षणातून पुढे आली. बंदर आजही केनियाच्याच बंदर प्राधिकरणाकडे आहे.

निम्म्याहून जास्त कर्ज? डेट जस्टिस या ब्रिटिश संस्थेच्या २०२२ च्या हिशोबात आफ्रिकी सरकारांच्या परकीय कर्जात चिनी वाटा १२ टक्के निघाला, पाश्चात्त्य खासगी सावकारांचा ३५. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला तोही चिनी कर्जाचा नव्हे, तर युरोबाँडचा, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या रोख्यांचा.

राहिले कामगार. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या हजाराहून जास्त चिनी कंपन्या पाहिल्या. ८९ टक्के कर्मचारी आफ्रिकी होते. व्यवस्थापकांत मात्र स्थानिक ४४ टक्केच, हे मान्य करावं लागतं.