‘काकू’ म्हणणाऱ्या वाचकास, पुदिन्याच्या बियांबद्दल

‘हिरवी गॅलरी’ या टोपणनावाने कुणीतरी माझ्या पुदिन्याच्या लेखाखाली रविवारी रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देते:

“काकू, पुदिना बियांपासून कोण लावतं? हातात वेळ भरपूर असला की असे उद्योग सुचतात. बाजारातल्या जुडीतल्या चार काड्या पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं येतात. पुदिन्याच्या जातींचा आपापसात सहज संकर होतो, त्यामुळे बियाचं रोप मूळ झाडासारखं निघेल याचा भरवसा नसतो, आणि पेपरमिंट तर वांझच. पुदिन्याच्या बियाला उजेड लागतो, तुम्ही अर्धा इंच माती टाकायला सांगताय. दहा-पंधरा दिवस लागतात त्याला, चौथ्या दिवशी उगवलंच कसं? पहिल्या ट्रेचा फोटो मला सब्जाचा वाटतो. नीट माहिती घेऊन लिहीत जा.”

आधी जे चुकलं ते मान्य करते, म्हणजे बाई हेका सोडत नाही असं कुणी म्हणायला नको. अर्धा इंच हे जास्त झालं. पुदिन्याचं बी मोहरीहूनही कितीतरी बारीक, शिंक आली तर उडून जाईल असं. ते ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरवायचं, बोटाने हलकंच दाबायचं आणि वरून फवाऱ्याने पाणी द्यायचं. झारीने दिलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता त्या वाक्याकडे येते. “हातात वेळ भरपूर असला की असे उद्योग सुचतात.”

माझ्या हातात वेळ किती आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी २६ वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं. सकाळची शाळा, दुपारी घरचं, संध्याकाळी पेपर तपासणं. सातवीच्या मुलांना बीजांकुरण शिकवताना दर जूनमध्ये ओल्या टिपकागदावर मूग मांडायचे आणि वर्गातली साठ मुलं कोंब बघायला टेबलाभोवती गर्दी करायची. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, मोड आलेले मूग बाजारात मिळतात, कशाला खटाटोप! बी का पेरतात हे ज्याला सांगावं लागतं, त्याला काय सांगायचं?

आणि हे ‘काकू’ प्रकरण. माझ्या पुतण्यांनी मला काकू म्हणावं, सोसायटीतल्या मुलांनी म्हणावं, जांभळी नाक्यावरचा भाजीवाला म्हणतो त्यालाही माझी हरकत नाही. तो निदान वर मूठभर कोथिंबीर तरी टाकतो. नाव लपवून रात्री पावणेबाराला चुका काढणाऱ्याने पहिल्याच शब्दात नातं जोडू नये. मी तुम्हाला ‘ए बाळा’ म्हटलं तर चालेल? नाही ना. (तुम्ही बाप्या आहात की बाई हेही मला ठाऊक नाही. त्यामुळे तेही जमणार नाही.)

पुदिना मला नवा नाही. मी ठाण्यातल्या चरईत वाढले. आमच्या चाळीच्या मागे न्हाणीघरातलं पाणी बाहेर पडायचं तिथे एका बाजूला अळू आणि एका बाजूला पुदिना. खत नाही, फवारणी नाही. आजी जुडी निवडून झाली की उरलेल्या जाड काड्या तिथेच चिखलात खोचून यायची, आणि पावसाळ्यात तो इतका पसरायचा की वाटेवर यायचा. जमिनीलगत धुमारे सोडत सोडत जातो तो. पाय पडला की वास. ज्या घरात पुदिना असा पायदळी तुडवला जात होता, त्या घरातल्या मुलीला तुम्ही पुदिना शिकवणार?

काड्यांबद्दल मला ठाऊक नाही असंही नाही. मूळ लेखात मी लिहिलं होतं की जुडीच्या काड्या दोनदा लावल्या आणि दोनदा गेल्या. बाजारात जुड्यांवर दिवसभर पाणी मारतात; वरून टवटवीत, आणि खालून देठ काळे, बुळबुळीत. घरी पेल्यात ठेवले तर तिसऱ्या दिवशी पाण्याला वास. पाण्याखाली येणारी पानं काढायची असतात आणि पाणी रोज बदलायचं असतं, हे कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगते: ते मला नंतर कळलं.

पेपरमिंटबद्दल. मेंथा ॲक्वाटिका आणि मेंथा स्पिकाटा यांचा तो संकर, बहुधा बी धरत नाही, मुळ्या-काड्यांवरच वाढवतात. त्याला मेंथा पिपेरिटा हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. म्हणजे मलाही वाचता येतं. आपल्या बाजारात जुडी मिळते ती साधारणपणे स्पिकाटाची, आणि तिचं बी धरतं. मी जे पाकीट आणलं त्यावर ‘पेपरमिंट’ छापलं होतं हे खरं आहे, पण ते मी छापलेलं नाही. दुकानाचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

रोप मूळ झाडासारखं येत नाही, हा तुमचा मुद्दा. न येवो! मला काही बाराबंकीच्या शेतकऱ्यांसारखं मेंथॉलचं तेल काढायचं नाही की प्रत्येक रोप सारखंच हवं. चटणी करायची आहे.

सब्जाच्या आरोपावर मी बोलणारच नव्हते. देठ चौकोनी आहे, पानं समोरासमोर आहेत. (तुळशीचं आणि सब्जाचंही तसंच असतं, सगळी एकाच कुळातली, हे कळवायला पुन्हा प्रतिक्रिया लिहू नका. मी शिकवलंय ते.) बी भिजवल्यावर त्याभोवती पांढरट, बुळबुळीत आवरण आलं होतं ते मी लेखात प्रामाणिकपणे लिहिलं, आणि त्याचंच तुम्ही भांडवल केलंत. पानं चुरडली की वास जरा लवंगेच्या अंगाने जातो, पण रोपं अजून कोवळी आहेत. दुसऱ्या ट्रेबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. त्यात माती संपली म्हणून दुसऱ्या पाकिटातलं बी तसंच उघडं राहिलं होतं, आणि ते चौदाव्या दिवशी उगवलं, टाचणीच्या टोकाएवढं. सोयीचं तेवढं वाचायचं, दुसरं काय.

पहिल्या ट्रेला फुलं आली की फोटो टाकीन. तोवर त्या विषयावरच्या प्रतिक्रिया छापणार नाही.

जाता जाता: केवळ तुलनेसाठी म्हणून सोमवारी गावदेवी मंडईतून एक जुडी आणली. पाच धडधाकट काड्या निवडल्या, खालची पानं काढली, ओट्यावर खिडकीजवळ काचेच्या पेल्यात ठेवल्या, पाणी रोज बदललं. आज आठवा दिवस. चार काड्यांना बोटाच्या पेराएवढी पांढरी मुळं आली आहेत. पाचवी सडली, हे लक्षात घ्या.