चामड्याला माया नसते

"मॅडम, रेग्युलर साईझ काय तुमचा?"

आज दुपारी नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका दुकानात हा प्रश्न ऐकला आणि डोकं जे सटकलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढे जावं.

प्रश्न मला नव्हता, भाचीला होता. पोरीनं दिवाळीत स्वतःच्या पैशानं बाईक घेतली, आता तिला लेदर जॅकेट शिवून घ्यायचंय. दुकानाच्या काचेवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत 'कस्टम मेड'. आत गेलो तर काउंटरवरच्या मुलानं टेप काढलाच नाही. मोबाईलवर फॉर्म उघडला. रेग्युलर साईझ? भाची म्हणाली, एम. त्यानं एम टाकलं. झालं माप! पुढची पंधरा मिनिटं नुसते 'फीचर्स'. खांद्यावर पट्टे हवेत का, कोपरावर रजईसारखी शिलाई हवी का, खिसे किती, बक्कल सोनेरी की काळं, पाठीवर गरुड की कवटी. गरुडाचे चार नमुने होते हो त्याच्याकडे. छातीचं माप मात्र एकही नाही.

मी म्हटलं, अरे बाबा, माप? तर म्हणे, "थोडं टाईटच घ्या मॅडम, वापरून वापरून लेदर ताणतं."

हे वाक्य मी आधी ऐकलंय. २०१६ साली, धारावीत. आणि मला ते साडेआठ हजारांना पडलंय.

जुन्या मंडळींना माझं ते जॅकेट माहितीय, काखेत काळी कॅनव्हासची कळी (मागून जोडलेला तुकडा) असलेलं. त्याची गोष्ट मात्र मी कधी धड सांगितली नाही, कारण त्यात मूर्ख मीच आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादरला उतरले, तिथून धारावी, काळा किल्ल्याच्या बाजूला एका गल्लीत छोटासा कारखाना. मालक बडबड्या होता, पण कारागीर एकदम हुशार, आणि माप त्यानंच घेतलं. त्यानं टेप लावला आणि मी काय केलं? पोट आत ओढलं. श्वास रोखला. एनसीसीच्या परेडला राहावं तशी ताठ उभी राहिले. अंगात पातळ कुर्ती. त्यानं दोनदा विचारलं, आत स्वेटर घालणार का? मी दोनदा नाही म्हटलं. मला बारीक दिसायचं होतं. कोणाला? टेपला!

आणि मालक खुर्चीतून म्हणाला, टाईट राहू द्या, लेदर ताणतं.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. माझ्या आईनं पंचवटीतल्या घरात पुढच्या खोलीत बसून तीस वर्षं ब्लाऊज शिवलेत. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "बसून माप दिलंस का?"

मी हसले. माप काय कोणी बसून देतं?

जानेवारीत कळलं. पहाटे साडेपाचला आम्ही चौघीजणी सापुताऱ्याला निघालो, दिंडोरी-वणीवरून. त्या पट्ट्यातली जानेवारीची पहाट ज्यांनी गाडीवर काढलीय त्यांना मी काय सांगू. बागायतदार द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटवून बसलेले असतात, आणि आपण त्या धुरातून थंडीला छाती देत चाललेलो. हँडल धरलं आणि दोन्ही बाह्या चार बोटं वर. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची उघडी पट्टी, तिथून वारा थेट कोपरापर्यंत. मागून जॅकेट वर सरकलेलं, कंबर उघडी. पुढे चेनीची कमान होऊन तिचं टोक हनुवटीला टोचतंय. वणीला चहाला थांबलो तर मला वाकून ग्लास उचलता येईना. मैत्रिणीनं धरून पाजला. वणीच्या टपरीवर, दहा माणसांसमोर!

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. जॅकेट ज्या अवस्थेत घालणार त्या अवस्थेत माप द्या. गाडीवर घालायचं असेल तर बसून, हात पुढे करून, कोपर वाकवून, आत जो स्वेटर घालणार तो घालून. टेप खांद्याच्या हाडापासून वाकलेल्या कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत. उभ्यानं आणि असं, दोन्ही माप घेऊन बघा, इंच-दीड इंचाचा फरक सहज निघतो. पाठीची लांबी मानेच्या मणक्यापासून, पुढे झुकून. छातीच्या मापावर तीन-चार इंच सैल. आणि मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) उंच. मुंढा खाली उतरला की हात पुढे केल्यावर अख्खं जॅकेट वर येतं. बायकांनी ब्लाऊजवरून आठवा, पाठ असेल तुम्हाला. मागे खांद्यांपाशी दोन चुण्या किंवा काखेत कळी सुरुवातीलाच मागून घ्या. माझ्यासारखी नंतर नाही.

आणि हो, ताणतं. मान्य. मेंढीचं मऊ चामडं तर ताणतंच. पण ताणतं ते आडवं, पाठीत आणि कोपराशी. बाहीची लांबी तसूभर वाढत नाही. उलट कोपराला घड्या पडल्या की बाही आणखी वर चढते.

मग लोक म्हणतात, सैल घ्या, कशाला कटकट. तेही चालत नाही. कोपराला, खांद्याला आत जी पॅडं असतात (सीई शिक्क्याची, म्हणजे युरोपच्या सुरक्षा चाचणीतून गेलेली, साध्या फोमची नव्हे) ती पडताना हाडावरच असली पाहिजेत. बाही ढगळ असेल तर पॅड फिरून भलतीकडे जातं आणि कोपर रस्त्यावर. म्हणजे पैसे पॅडचे दिले आणि घासलं काय तर आपलं कातडं.

ज्यांना रेडीमेड एम, एल नीट बसतं त्यांनी खुशाल घ्यावं, देवानं त्यांना चार्टप्रमाणे घडवलंय.

आता फीचर्स. इथे माझा खरा राग आहे. खांद्यावरचे पट्टे ऐंशीच्या स्पीडला फडफडून कानाशी टाळ वाजवतात. पोटाशी मोठं बक्कल लावलं की पहिल्या आठवड्यात टाकीवर चरा. बाहेरून लावलेली प्रत्येक चेन म्हणजे चामड्याला पाडलेली एक फट, आणि इगतपुरीच्या पावसात पाणी बरोब्बर तिथून आत येतं. आणि बायकांच्या जॅकेटचे खोटे खिसे! वर चेन आहे, रनर आहे, रनर सरकतोही, आत खिसा नाही. मी आज त्या मुलाला सॅम्पलच्या खिशात बोट घालून दाखवलं. पहिल्या पेरापाशी अडकलं. "लेडीज पॅटर्न आहे मॅडम." लेडीज काय लायसन हातात धरून गाडी चालवतात का रे?

एका गोष्टीसाठी भांडा: पुढची चेन धातूची, जाड, खालूनही उघडणारी. दोन रनरवाली. बसल्यावर खालून चार बोटं उघडली की पोटावर कमान होत नाही, आणि वणीला मला चहा कुणी पाजावा लागला नसता. चेनीच्या मागे पट्टी, नाहीतर वारा दातांमधून शिट्टी मारत आत येतो. मनगटाला चेन, म्हणजे हातमोजा आत जातो. आत एक खोल खिसा, कागदपत्रांना. अस्तर काखेत पहिलं फाटतं, तिथे सॅटिन नको. नाशिकला तर आतलं गरम अस्तर काढता-घालता येणारंच हवं, कारण पहाटे सात-आठ डिग्री आणि दुपारी तीस हे आपल्याकडे एकाच दिवशी होतं.

तिरक्या चेनीचं विचाराल तर ती मला आवडते. पोरगा म्हणाला, "फॅशन आहे मॅडम." फॅशन कसली? १९२८ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉटनं मोटारसायकलवाल्यांसाठी ते जॅकेट काढलं, साडेपाच डॉलरला, आणि आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं परफेक्टो. वाकल्यावर चेन पोटात टोचत नाही आणि एकावर एक आलेल्या दोन थरांतून वारा शिरत नाही, म्हणून ती तिरकी. जे काही कामाचं असतं त्याची दहा-वीस वर्षांनी फॅशन होते आणि मग दुकानदाराला काम आठवत नाही.

चामड्याबद्दल दोन ओळी, कारण त्याबद्दल त्या मुलाला खरंच काही माहीत नव्हतं. 'जेन्युइन लेदर' या शिक्क्याला फार भुलू नका, त्यात सालपटासारखं खालचं चामडंही खपतं. फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासलेलं चामडं आहे का विचारा. जाडी विचारा. पडल्यावर घासायला उपयोगी पडायचं तर एक मिलिमीटरच्या वर, सव्वापर्यंत. अर्धा-पाऊण मिलिमीटरचं मेंढीचं मऊ जॅकेट लग्नाला घाला, मस्त दिसतं. एका जॅकेटला पस्तीस-चाळीस चौरस फूट चामडं जातं, त्या हिशेबानं भाव किती स्वस्त वाटतोय ते बघा, आणि संशय घ्या.

बरं, मे महिन्यात नाशकात लेदर घालणं वेडेपणा आहे, जाळीचं मेश जॅकेट बरं, हे कबूल. पावसाळ्यात कपाटात बुरशी येते, हेही कबूल. चामडंच नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

त्या मुलावर मी जास्तच ओरडले. बावीस-तेवीसचा असेल. त्याला कोणी टेप धरायला शिकवलेलाच नाही, आणि बाईचं माप कसं घ्यायचं या विचारानंही बिचारा अवघडला असेल. धारावीचा कारागीरही अवघडलाच होता, पण त्यानं भिंतीकडे बघत का होईना टेप लावला होता. खोटं मी बोलले.

सापुताऱ्याहून परत आल्यावर मी जॅकेट आईपुढे टाकलं आणि म्हटलं, बाजूनं थोडं सोडून दे ना. माझ्या पाचवीच्या गणवेशाला ती इतकी माया (शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड) सोडायची की दरवर्षी एक शिवण उसवायची आणि तोच झगा सातवीपर्यंत चालायचा. खाली जुन्या दुमडीची गडद निळी रेघ दिसायची, मला लाज वाटायची. तर आईनं अस्तर उसवलं, आत हात घातला, शिवण दोन बोटांत धरून चाचपली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "यात माया नाही गं."

जेमतेम सेंटिमीटरभर कड, तीही चिकटवून, हातोडीनं ठोकून सपाट केलेली. तरी तिनं दोन इंच उसवून बघितलं. कापडात सुई धागे बाजूला सारून जाते, उसवलं की भोक बुजतं. चामड्यात सुईनं पाडलेलं भोक तसंच राहतं. मुंग्यांच्या रांगेसारखी भोकं अजून आहेत माझ्या डाव्या काखेखाली. आईनं तिच्या मशीनवर पट्टी जोडायला घेतली तर दोन सुया तुटल्या. चामड्याची सुई वेगळी असते, टोकाला पात्यासारखी. शेवटी शालिमारजवळ बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी त्यांच्या मोठ्या मशीनवर दोन्ही काखांत कॅनव्हासची कळी घालून दिली. दीडशे रुपये घेतले. कारागिराचा हात बघून म्हणाले, शिलाई एक नंबर आहे ताई, माप कुणी दिलं?

ते जॅकेट मी आजही घालते.

तर आज संध्याकाळी भाचीला घेऊन पंचवटीत आईकडे गेले. आई आता अठ्ठ्याहत्तरची. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी टेप गळ्यात घातला की पाठ सरळ होते तिची. भाचीला स्वेटर घालायला लावला. सोफ्याच्या हातावर टांग टाकून बसवलं, समोर खुर्चीची पाठ धरायला दिली. "धर तुझं हँडल." भाची हसत होती, मग नकळत पोट आत घेऊन बसली, तर आजीनं टेपच्या टोकानं एक चापटी दिली. "सोड. जेवल्यावर कुठं ठेवणारेस ते?"

आई आकडे सांगत होती, मी लिहीत होते. छाती ३६, खांदा १५, पाठ २४, बाही २६.

घरी येऊन हे सगळं टाईप करता करता आठवलं की आईच्या टेपचे पहिले दोन इंच झिजून गेलेत, ती दोनच्या आकड्यापासून मोजते आणि मनातल्या मनात वजा करते. बाही २६ म्हणजे वजा करून २६ की वजा करायची राहिलेली? भाचीला फोन केला. ती म्हणते, आजी सव्वीस म्हणाली तेव्हा टेप सव्वीसवरच होता. आईला केला. आई म्हणते, मी काय आज माप घेतेय का?

दोन इंचांचा प्रश्न आहे. उद्या सकाळी पुन्हा सोफा, पुन्हा स्वेटर. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, येताना एक नवीन टेप आण, मला तपासायचंय.