मेस्सीला बार्सिलोनाने विकलं नव्हतं

‘पॅरिसने २२ कोटी युरो मोजून मेस्सीला बार्सिलोनाकडून विकत घेतलं’ असा मेसेज आठवडाभर मालवणात फिरतोय. पॅरिस म्हणजे इथे पॅरिस सेंट-जर्मेन हा फुटबॉल क्लब, आणि बार्सिलोना हा स्पेनमधला क्लब. परवा जेटीवर जाळी शिवता शिवता दोघे त्यावरूनच भांडत होते. हे खरं नाही.

२२.२ कोटी युरोंचा आकडा नेयमारचा आहे, जो तेव्हा बार्सिलोनाचाच खेळाडू होता. करार संपण्याआधीच खेळाडूला सोडवायचं तर भरावी लागणारी, त्याच्या करारात लिहिलेली ती सुटकेची रक्कम २०१७ साली पॅरिसने भरली होती. मेस्सीचा बार्सिलोनाशी असलेला करार ३० जून २०२१ रोजी संपला, म्हणून पॅरिसला बार्सिलोनाला एक पैसाही द्यावा लागला नाही. आपल्याकडे हंगाम संपून हिशोब चुकता झाला की खलाशी दुसऱ्या नौकेवर जातो, जुना मालक काही मागू शकत नाही. तसंच हे. युरोपात खेळाडूंना हा हक्क १९९५ च्या बोसमन निकालाने, म्हणजे बोसमन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालाने मिळाला.

मग तो गेला का? पैशाच्या हावेने गेला म्हणणं अन्यायाचं आहे. निम्म्या पगारावर राहायला तो तयार होता. पण ला लीगात, म्हणजे स्पेनच्या मुख्य फुटबॉल लीगमध्ये, संघाचा पगारखर्च क्लबच्या उत्पन्नाशी बांधलेला असतो. कोविडमध्ये स्टेडियम रिकामं, डोक्यावर कर्ज, पगार आधीच मर्यादेबाहेर. त्यामुळे नव्या करारावर लीगकडे त्याची खेळाडू म्हणून नोंदणीच होईना. कारभार क्लबने बिघडवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

८ ऑगस्टला निरोपाच्या पत्रकार परिषदेत तो बोलण्याआधीच रडला. बायकोने पुढे केलेल्या टिश्यूने डोळे पुसत होता. ते मी मोबाइलवर पाहिलंय. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी कृपया तो मागे घ्यावा.